घूस अंगण का उकरते?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत स्वतःच्या मालकीची हिरवळ असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकीच. माती आहे ती बहुतेक सामाईक: हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतींभोवतीचा फूलझाडांचा पट्टा, चाळीच्या चौकातलं तुळशीवृंदावन आणि त्यामागची केळ, खोताच्या वाडीत घरापुढची हातभर बाग, नव्या टॉवरच्या आवारात विकत आणून अंथरलेलं गवत. एवढ्याशा मातीतही सकाळी पाहावं तर कर्दळीचं आळं उकरलेलं, गवताचा तुकडा उलटलेला, भिंतीलगत भुसभुशीत मातीचा ढीग. मग सोसायटीत उपाय सुरू होतात. कुणी फिनेल ओततं, कुणी लाल तिखट भुरभुरतं, कुणी गोळ्या आणतं, आणि शेवटी सगळ्या पट्ट्यावर कोबा घालायचा ठराव मांडला जातो. यातल्या कशानेही खोदणं फार दिवस थांबत नाही. खोदणारा प्राणी बागेसाठी आलेलाच नसतो. बाग ही त्याची राहण्याची जागा आहे. जेवण्याची जागा वेगळी, आणि ती बहुधा त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला असते. ती जागा शोधून बंद केल्याशिवाय बागेत केलेला खर्च मातीत जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईचा सव्वाशे वर्षांचा अनुभव त्याला पुरावा आहे.

आधी खोदणारा कोण ते ठरवायला हवं. अमेरिकेतल्या बागांत रकून आणि स्कंक हे प्राणी हिरवळ उलटीपालटी करतात ते गवताच्या मुळाशी असलेल्या हुमणीसारख्या अळ्यांसाठी. म्हणून तिथले सल्ले अळ्या मारण्यापासून सुरू होतात. ते सल्ले जसेच्या तसे दादरला आणले तर अळ्या मरतील, गांडुळंही मरतील, आणि बीळ तिथेच राहील. आपल्याकडे खड्डा वाचता येतो. सावलीत, ओलसर मातीत, ताटाएवढा पसरट खड्डा असेल तर तो कुत्र्याने उन्हात अंग गार करायला केलेला. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं हुदहुद किंवा साळुंकीची. वरवर नखांनी ओरबाडल्यासारखी माती आणि बीळ कुठेच नाही, असं असेल तर मुंगूस किडे शोधून गेलं असण्याची शक्यता. चिचुंद्रीवर लोक उगाच आळ घेतात. लांब सोंडेसारखं नाक आणि उग्र वास असलेला हा जीव झुरळं-किडे खातो आणि बाग सहसा खोदत नाही. मात्र दोन-तीन इंचांचं गोल तोंड, शेजारी ताज्या मातीचा ढीग आणि तिथून भिंतीच्या कडेकडेने गटाराकडे जाणारी गुळगुळीत पाऊलवाट दिसली, तर शंका घ्यायला नको. ती घूस.

घुशीच्या दोन जाती आपल्याला भेटतात. मोठी घूस मांजराएवढी वाटते, वजन कधी किलोच्या वर जातं, आणि कोंडीत सापडली की केस फुलवून गुरगुरते. लहान घूस पाव किलोच्या आसपासची, आणि शहरात खरा पसारा हिचाच. तिची खोदण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पुढच्या पायांनी आणि दातांनी माती सोडवायची, मागच्या पायांनी ती बाहेर ढकलायची. एक तोंड उघडं, दोन-तीन तोंडं गवताखाली दडलेली. दिवसा आत शिरल्यावर ती पुष्कळदा सैल मातीने दार आतून बुजवून घेते, त्यामुळे वरून बीळ ओसाड वाटतं आणि माळी निर्धास्त होतो. आत झोपायची एक खोली आणि साठवणीच्या एक-दोन खोल्या. भातशेतीत या कोठारांतून लोंब्यांचा मोठा साठा निघतो. शहरात भाकरीचे तुकडे, खोबऱ्याच्या वाट्या, हाडं निघतात. घुशीला उत्तम पोहता येतं, म्हणून गटार हा तिचा राजमार्ग. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात, आणि अन्न भरपूर असेल तर वर्षभर वीण चालू राहते. कंदमुळं ती कुरतडते, हे खरं. अळू, हळद, कर्दळ यांचं नुकसान त्यातूनच होतं. पण एवढ्याशा बागेतल्या कंदांवर तिचं आणि तिच्या पिल्लांचं पोट भरणार नाही. कुठल्याही इमारतीच्या बागेत पाच-सहा जिवंत बिळं असतील, तर जवळपास रोजचं जेवण ठरलेलं आहे, असाच त्याचा अर्थ.

बाहेरचं बीळ आणि घराच्या आतलं अन्न यांचा संबंध मुंबई फार मोठी किंमत देऊन शिकली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन शहरात आले, जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून पाहिली, आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये काम करू लागली. आजची हाफकिन संस्था तीच. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत हजारो उंदीर तपासले. त्यातून निघालेला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी गटारांत, गल्ल्यांत, तबेल्यांत राहणाऱ्या नॉर्वे उंदरांत साथ पसरायची. सुमारे दहा दिवसांनी घरात माळ्यावर राहणाऱ्या काळ्या उंदरांत. आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसांत. मधला दुवा पिसू. म्हणजे अंगणातलं आणि गटारातलं जग घरातल्या जगाशी कुठे ना कुठे जोडलेलं होतं, आणि त्यांना जोडणारी वस्तू होती धान्य. मांडवी हा धान्यबाजाराचा भाग होता हा योगायोग नव्हे. नंतरच्या दशकांत गटारांतल्या नॉर्वे उंदराची जागा मोठ्या प्रमाणात लहान घुशीने घेतली. मुंबईतही आणि कोलकात्यातही. जे. जुआन स्पिलेट यांनी कोलकात्याच्या गोदामांतल्या लहान घुशीचा केलेला अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९६८ मध्ये छापला. धान्याच्या थप्प्या होत्या तिथे घुशींची दाटीही अफाट होती. जात बदलली, पण अन्नाभोवती गोळा होण्याचा नियम तसाच राहिला.

महाराष्ट्रात हा नियम १९९४ मध्ये पुन्हा दिसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत लोक भेगा पडलेली घरं सोडून बाहेर राहू लागले आणि धान्य आतच राहिलं. पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आढळला तेव्हा निर्मनुष्य घरांतल्या धान्यावर वाढलेले उंदीर हेच त्याचं मुख्य स्पष्टीकरण मानलं गेलं. तिथे कुणी उंदीर पाळले नव्हते. फक्त त्यांच्यासाठी जेवण आणि निवांत जागा एकत्र आली होती.

मग मारून का भागत नाही? मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक काम करतात. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्रीत ३० उंदरांचं उद्दिष्ट. अनवाणी किंवा साध्या चपलांनी घाणीत उतरून हे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे आणि त्यांच्या कष्टांविषयी तक्रार नाही. पण उद्दिष्ट कशाचं ठेवलं आहे, हे विचारायला हवं. मेलेल्या उंदरांची संख्या मोजता येते म्हणून ती मोजली जाते. शिल्लक किती राहिले ते कळत नाही. मार्च २०१८ मध्ये मंत्रालयातल्या उंदरांवरून विधानसभेत वाद झाला. एकनाथ खडसे यांनी ७ दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याच्या नोंदीवर प्रश्न उपस्थित केला, आणि हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा असल्याचा खुलासा प्रशासनाकडून झाला. आकडा उंदरांचा असो वा गोळ्यांचा, त्यावरून मंत्रालयाच्या उपाहारगृहामागे आज किती बिळं जिवंत आहेत याचं उत्तर मिळत नाही. याउलट अमेरिकेत बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात गल्लीगल्लीतले उंदीर मोजले. सापळे आणि विष लावून संख्या अर्ध्यावर आणली तरी ती पुन्हा पहिल्या पातळीवर आली, कारण उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न आलं, त्यांची पिल्लं जास्त जगली. जिथे कचऱ्याचे डबे झाकले गेले, अंगणं साफ झाली, पडक्या छपऱ्या गेल्या, तिथे संख्या उतरली आणि उतरलेलीच राहिली. न्यूयॉर्कनेही अलीकडे हाच धडा घेऊन फुटपाथवर पिशव्या टाकण्याची जुनी सवय मोडायला सुरुवात केली आणि कचरा बंद डब्यात सक्तीचा केला.

आपल्या भागात हे ताट कुठे मांडलेलं आहे, ते डोळे उघडे ठेवले तर दिसतं. लालबागच्या चिवडा गल्लीत आणि मसाल्याच्या दुकानांच्या मागे शेंगदाण्याचा, डाळीचा, खोबऱ्याचा चुरा रोज झाडून गटाराच्या तोंडाशी जातो. दादरच्या भाजीबाजाराचा आणि फुलबाजाराचा उरलेला माल रात्री रस्त्याच्या कडेला पडतो. निर्माल्यातल्या नारळाच्या वाट्या आणि प्रसादाचे पेढे त्यातच. कबुतरांना टाकलेल्या दाण्यांचं तर कुणी नावच घेत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला तो श्वसनाच्या आजारांवरून आणि भूतदयेवरून. पण दिवसा कबुतरांनी सोडलेले दाणे रात्री घूस खाते, ही बाजू जवळपास कुणी मांडली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दोन इमारतींमधली हाउस गल्ली. उजेड, हवा आणि सफाईसाठी सोडलेली ही चिंचोळी वाट गिरगावात आणि परळमध्ये आज वरच्या मजल्यांवरून टाकलेल्या पिशव्यांनी भरलेली असते. खिडकीतून सुटलेली पिशवी तिथे आपटते, फुटते, भात आणि माशांचे काटे पसरतात. ही गल्ली आणि पुढची बाग यांच्यामध्ये असते फक्त इमारतीचं जोतं. घूस जोत्याखालून बोगदा काढते आणि तिचं दुसरं तोंड गुलाबाच्या वाफ्यात उघडतं. सोसायटी वाफ्यावर पहारा ठेवते आणि गल्लीकडे पाहत नाही.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप असा, की आजाराचा धोका आज आहे आणि सवयी बदलायला वर्षं लागतील. तोवर मारायचं नाही का? धोका खरा आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, आणि हिंदमाता-परळच्या तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगणं हा तेव्हापासून पावसाळ्यातला नेम झाला. उकरलेल्या बागेत पहिला धोका असतो तो अनवाणी माळ्याला आणि झाडूवाल्या बाईला. त्यांना गमबूट आणि हातमोजे देणं हे घुशीच्या कुठल्याही औषधापेक्षा तातडीचं आहे. तेव्हा मारण्याला माझा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो क्रम उलटा करण्याला. अन्न तसंच ठेवून विष लावलं तर घूस विषाकडे वळतच नाही, कारण शेजारी ताजा भात आहे. झिंक फॉस्फाइड थोडंसं चाखून बचावलेली घूस त्याला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमाडायोलोन चार-पाच दिवसांनी परिणाम करतं. तोवर सुस्तावलेली घूस गव्हाणी घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी पडली, तर विष त्यांच्यात जातं. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकण्याचा मोह तर कुणीही करू नये. ओल लागताच त्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, आणि जुन्या चाळींच्या जोत्यातल्या फटींमधून तो तळमजल्यावर झोपलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो. या गोळ्या सर्रास विकायला कायद्याने बंदी आहे ती याचसाठी.

दुसरा आक्षेप मांजरांच्या बाजूने येतो. आवारात चार मांजरं पाळा, घुशी पळतील, अशी समजूत घट्ट आहे. ब्रुकलिनमधल्या कचरा वर्गीकरणाच्या एका केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून हे तपासलं, तेव्हा मांजरांनी मोठे उंदीर मारल्याच्या अवघ्या दोन घटना नोंदल्या गेल्या. उंदीर फक्त लपूनछपून वावरायला लागले. पूर्ण वाढलेल्या घुशीशी मांजर सहसा भिडतच नाही. शिवाय मांजरांसाठी रात्री ठेवलेली बशी पहाटेपर्यंत घूस पुसून खाते. मांजरांना जरूर खायला घालावं, पण दिवसा, आणि बशी उचलून न्यावी. धामण, मुंगूस, गव्हाणी घुबड हे घुशीचे खरे शत्रू. ते संरक्षित प्राणी आहेत, आणि आपल्या बागेत आले तर त्यांना हुसकावू नये. पण शहरात त्यांची संख्या इतकी थोडी आहे की कचऱ्याने वाढवलेली घूस ते आवरतील, ही अपेक्षा त्यांच्याकडून ठेवणं बरोबर नाही.

तिसरा उपाय लोकप्रिय आणि सगळ्यात घातक: माती झाकून टाका. कोबा घातला की घूस जाते असं वाटतं, कारण ढीग दिसेनासे होतात. प्रत्यक्षात ती कडेच्या फटीतून आत शिरते आणि आता तिच्या बिळावर पक्कं छप्पर असतं. खालची माती गटाराच्या फुटक्या सांध्यातून वाहून जाते, पोकळी वाढते, आणि एका पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात किंवा कुंपणाची भिंत कलते. मधल्या काळात पावसाचं पाणी मुरायची राहिलेली थोडी जागाही जाते आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट पोचलेलं झाड गुदमरतं. हिंदू कॉलनीतल्या आणि पारशी कॉलनीतल्या जुन्या झाडांची सावली घुशीच्या भीतीपोटी गमावणं हा फार महागडा सौदा होईल. पिंजऱ्यात सापडलेली घूस रात्री शेजारच्या मैदानात सोडून येण्याची पद्धतही अशीच; दुसऱ्याच्या अंगणात ढकललेली घूस काही पावलांवर नवं बीळ काढते.

मग करायचं काय? सुरुवात मोजण्यापासून. संध्याकाळी आवारातली सगळी बिळं ओल्या मातीने किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्याने बुजवायची आणि सकाळी कुठली उघडली ते पाहायचं. उघडलेली ती जिवंत. ही गणती दर पंधरा दिवसांनी केली तरी उपाय लागू पडतोय की नाही ते कळतं, आणि मेलेल्या घुशींच्या हिशेबापेक्षा ती कितीतरी खरी असते. त्यानंतर हाउस गल्ली रिकामी करायची, आणि ओला कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी गाडीच्या वेळेलाच घट्ट झाकणाच्या डब्यातून द्यायचा. सोसायटीने खतासाठी खड्डा केला असेल तर तो स्तुत्यच, पण तळाला आणि बाजूंना जाळी नसेल तर तो घुशीचा मुदपाकखाना होतो. जुन्या लाद्या, फुटकी कमोडं, राबिट यांचे ढीग हलवायचे. भिंतीपासून दीड-दोन फुटांपर्यंत झुडपं छाटायची, म्हणजे घुशीला उघड्यावर यावं लागेल. हे झाल्यावर जिवंत बिळांवर पिंजरे लावावेत किंवा पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या कीटकनाशक खात्याला बोलवावं, आणि शेवटी वाट बंद करावी. त्यासाठी काचेचे तुकडे आणि सिमेंटचा जुना उपाय माळ्याचे हात कापतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाच्या आत छिद्र असलेली जस्ती जाळी भिंतीलगत फूटभर खोल पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला वळवावी. घूस भिंतीला चिकटून खाली खोदते, जाळी लागली की अडते, आणि मागे सरकून दुरून खोदायचं तिला सहसा सुचत नाही. गटाराच्या तोंडांना आणि नहाणीच्या सांडपाण्याच्या वाटांना लोखंडी जाळ्या हव्यातच.

हे सगळं पालिकेचं काम आहे, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. फुटलेली गटारं, बाजारातला रात्रीचा कचरा, पाडकामाच्या वेळी होणारं घुशींचं स्थलांतर यांची जबाबदारी पालिकेचीच. लालबाग-परळमध्ये आणि गिरगावात पुनर्विकासासाठी जुनी चाळ पाडली की तिच्याखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या घुशी आठवडाभरात आजूबाजूच्या इमारतींत शिरतात. पाडकामाच्या परवानगीतच आधी घुशी-नियंत्रणाची अट घालणं आणि ती पाळली की नाही हे तपासणं कठीण नाही, आणि नागरिकांनी त्यासाठी आग्रह धरायला हवा. पण आवाराच्या आत पालिकेचा माणूस रोज येणार नाही, आणि चौथ्या मजल्यावरून पिशवी टाकणारा हात पालिकेचा नसतो. ही कामं करायची ती एप्रिल-मेमध्ये. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरतं, घुशी कोरड्या जागेच्या शोधात तळमजल्यावरच्या मोऱ्यांत आणि जिन्याखालच्या खोल्यांत चढतात, आणि तोवर फटी बुजवलेल्या नसतील तर बागेतली घूस थेट घरात येते.